पी.पी.

घर घेतलं तेव्हा खरेदीखतात चतुःसीमा होत्या:
पूर्वेस सोसायटीचा रस्ता, पश्चिमेस प्लॉट नंबर अकरा.
भिंतीला लटकलेलं काहीच त्यात नव्हतं.

गच्चीवरचा अँटेना नव्हता,
चार कांड्या गळाल्या तरी तोंड सिंहगडाकडेच;
त्यावर आता मुलाचे मोजे वाळतात.
म.रा.वि.मं. अशी अक्षरं उठवलेली मीटरची पेटी नव्हती.
आतला मीटर कधीच गेटाशी गेला,
सकाळी दूधवाला तिच्यात पिशव्या ठेवतो
आणि झाकण ओढतो, मांजराला कळणार नाही असं.

आणि ती काळी वायर.
खांबावरून येऊन गच्चीच्या कठड्याशी
पाइपात शिरलेली.
पुढे कुठे जाते, कुणी विचारलं नव्हतं.

फायबर लावायला फुरसुंगीहून दस्तगीर मुलाणी आला.
ड्रिल काढलं, बोटानं भिंत वाजवली,
"मॅडम, इथून भोक पाडतो. दोन मिनिटं."
सहकारनगरातली एकोणऐंशी सालची वीट आहे ही.
म्हटलं, तू पाडशील दोन मिनिटांत,
रेती मला दोन वर्षं झाडावी लागेल.
तो हसला, गच्चीवर गेला,
आणि वरून हाक,
"अहो, रस्ता आहे की इथे!"

दुसरं टोक हॉलमध्ये, कॅलेंडरमागे.
पांढऱ्याची पिवळी झालेली डबी,
शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं:
गॅस. डॉ. पाटणकर. भावजी ऑफिस.
सगळे सहा आकडी.
एक फिरवून पाहिला, हवेतच.

"जुन्याला नवं बांधायचं आणि जुनं ओढायचं," दस्तगीर म्हणाला.
वर जाऊन चिकटपट्टी गुंडाळली त्यानं, घट्ट, बारीक,
लेंग्यात नाडी ओवताना
सेफ्टीपिन लावतात तशी.
मी खालून ओढत होते.
हातभर आली, दोन हात आली,
मग कोपऱ्यावर अडली.
मी ओरडले, पण रस्त्यावर पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता.
मग काय सुचलं कुणास ठाऊक,
डबीमागच्या पाइपाला तोंड लावलं आणि म्हटलं,
"हॅलो."

जरा वेळ काहीच नाही.
मग पाइपातून, अगदी कानात, थोडी धूळ घेऊन,
"हॅलो. बोला."

गेटातून निरगुडकर काकू,
"प्रभुण्यांचा फोन सुरू केलात की काय परत?"
त्यांच्या जुन्या पासबुकात अजून हाच नंबर आहे,
पुढे कंसात पी.पी.
या डबीशी त्या उभ्या होत्या, कणकेच्या हातांनी,
रिसीव्हर खांद्यात धरून.
नांदेडहून बहीण झाली होती मोकळी.
मुलगी आहे, वजन फार कमी आहे,
आणि लाइन कटली.
रात्री दहानंतर अर्ध्या दरात परत लावायचं ठरलं;
प्रभुणे जागे राहिले, लाइन लागली नाही.
"मग?" मी.
"मग काय. आता तुमच्याएवढी आहे.
वजनाची काळजी आता वेगळी."

साबणाचं पाणी ओतलं तेव्हा वायर सुटली.
शेवटी पट्टीची गाठ आली
आणि तिच्यामागून शेवईसारखी
ती नवी पांढरी तार, बुजरी.

जुन्या वायरचं दस्तगीरनं वेटोळं केलं.
"तांबं आहे आत, भंगारवाल्याला फुकट देऊ नका."
हातभर तुकडा काकूंनी नेला, तोंडलीच्या वेलाला.
बाकीची पेटीत आहे, दुधाच्या पिशव्यांमागे,
कशाला ठेवली ते अजून ठरलेलं नाही.

डबी मी काढू दिली नाही.
मॉडेम तिच्याच खिळ्याला टांगला, जरासा तिरका,
पेन्सिलीचे आकडे झाकले जातात म्हणून.
दस्तगीरनं दोनदा सरळ केला, मी दोनदा तिरका.
"असू दे मॅडम," तो म्हणाला,
"दिवा हिरवा आहे ना."