बिननंबरी

गाडी गेली निपाणीच्या एका तंबाखूवाल्याकडे.
नऊ वर्षं वापरलेली, डाव्या दारावर
शहापुरातल्या बोळाचा ओरखडा.
मागच्या सीटच्या फटीत एक कानातलं सापडलं,
ते मी काढून घेतलं. शिसपेन्सिल आत राहिली,
हात पोचेना.

नऊ वर्षं चार रिकाम्या सीटा
रोज वडगावहून मच्छ्याला नेल्या
आणि संध्याकाळी परत आणल्या.

आता ही. म्हणायची सायकलच,
खरं मागच्या चाकात मोटर.
रात्री बॅटरी काढून आत आणते,
मिक्सरच्या प्लगला लावते.
जाऊबाई विचारतात, "पाजलंस का गं तिला?"
आणि चटणी पाट्यावर वाटायला घेतात, कुरकुरत.

काच नाही, त्यामुळे सगळं ऐकू येतं.
गल्लीतले माग सकाळी सहालाच सुरू असतात,
प्रत्येक घराचा खटका वेगळा,
रेणके यांचा एक माग लंगडतो,
हे मला नऊ वर्षं माहीत नव्हतं.
अनगोळच्या गेटला मिरजेकडची गाडी जाईपर्यंत
शेजारच्या स्कूटरवरचं पोर
माझ्या पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास घेतं, उघड उघड.
उद्यमबागेत ओतीव लोखंडाचा जळका वास
पदराला लागतो, ऑफिसभर राहतो.
पावसाळ्यात काय करशील, म्हणतात सगळे.
भिजेन की.

भाऊ गडहिंग्लजहून येतो
तो गाडी शिनोळीत ठेवून, पुढं बसने.
एका नोव्हेंबरात कुणीतरी
त्याच्या नंबरावर डांबर ओतलं, तेव्हापासून.
सायकलला त्यानं एक फेरी मारली,
मागून वाकून बघितलं:
"हिला राज्य कुठलं गं?"
म्हटलं, ही पंचविसाच्या वर पळत नाही,
म्हणून विचारत नाहीत.
तो हसला. मग हसायचा थांबला,
आणि घंटी दोनदा वाजवून बघितली.

कारखान्याच्या फाटकावर बसलिंगप्पा
गाड्यांचे नंबर वहीत लिहितो.
माझा पूर्वीचा त्याला पाठ होता.
पहिल्या दिवशी पेन वर धरून
तो सायकलकडे बघत राहिला, मागे चार ट्रक.
मग नंबराच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.
कानडी मला वाचता येतं, बसच्या पाट्यांवरून शिकलेलं,
एकेक अक्षर सोडवत. सोडवलं.
मॅडम.
रोज तेच लिहितो. येताना मॅडम, जाताना मॅडम.

परवा पिरनवाडीच्या पुढं चढालाच बॅटरी संपली.
ऊन, साडीचा घोळ, आणि हिचं वजन तेवीस किलो.
ढकलत होते. मागून एक जुनाट मोपेड आली,
दुधाच्या रिकाम्या घागरी दोन्ही बाजूला.
"बसा" अशी खूण केली त्यानं. "गट्टी हिडकोळ्री."
हँडल घट्ट धरलं.
त्यानं पाय लांब करून
माझ्या कॅरिअरच्या दांडीला लावला
आणि मला चढावर नेलं.
घागरी वाजत होत्या. चप्पल फाटकी होती, अंगठ्याजवळ.
मला आभार मानायचे होते,
शब्द जुळवेपर्यंत फाटा आला.

पाय काढून घेत म्हणाला,
"सावकाश होग्री."

होय, म्हटलं. सावकाश.

हा शब्द आधी कुणाचा,
विचारायला तो थांबला नाही.
मला पुढं उतार होता.