ताट्या

एप्रिलचा दुसरा शुक्रवार. सिव्हिल लाइन्स, वरचं सभागृह.
बेचाळीस मुख्याध्यापक, पारा त्यांच्याहून दोन पुढे,
आणि भिंतीला लागून तीन लोखंडी कूलर.
माझ्या हातात नवं परिपत्रक, पानं नऊ,
दोन पानांवर झेरॉक्सची काळी पट्टी.
पर्समध्ये घडी घालून माझी अकरा महिन्यांची ऑर्डर.
ती तीस तारखेला संपते.

वाचते आहे. दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार.
प्रमाणपत्राचं नूतनीकरण.
मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, खातं आधारला जोडलेलं असावं.
श्रवणयंत्राचे सेल संपल्यास मागणी नमुना चारमध्ये.
गुरुजी लोक मान हलवतात, कोणी मोबाईलवर
नातवाचे फोटो सरकवतो आहे.
"संवेदी अनुकूलन" या शब्दाशी माझी जीभ अडखळते,
तेवढ्यात मागच्या रांगेतून ढोमणे सर:
"मॅडम, आवाज नाही येऊन राह्यला."

येणार कसा?
तिन्ही कूलर एकदमच घरघरताहेत,
वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपतं,
एकाची पाती बाहेरच्या जाळीला घासते, दर फेरीला एकदा.
मला आठवला मानस.

मानस हेडाऊ, तिसरी ब, कन्हानच्या अल्याडची शाळा.
बाप कामठीत ई-रिक्षा चालवतो.
गावाने वर्गणी काढून वर्गाला कूलर घेतला,
सरपंचाने नारळ फोडला, फोटो निघाला.
त्या दिवसापासून मानस बाकाखाली.
कानांवर हात, आणि एक हुंकार, लांब, एकाच सुरातला,
जणू आवाजाला आवाजानेच बांध घालतो आहे.
हजेरीत "उपस्थित", वहीत काहीच नाही.
मी नेलं होतं चेंडू, चित्रकार्डं, मण्यांची पाटी,
यादीत होतं ते सगळं.
मी बाकाशी खाली वाकून बसले, घाम पुसत, पाऊण तास.

उठली ती तक्षशिला रंगारी. रोल नंबर सव्वीस, दोन वेण्या.
कोणाला विचारलं नाही. बटण खाली.
"काहून बंद केला वो?" पोरं ओरडली.
"त्याले दुखते ना," ती म्हणाली,
आणि जागेवर जाऊन वहीचा पंखा करून हलवू लागली,
थोडा स्वतःला, थोडा शेजारणीला.

मग बाकाखालून आधी एक हात आला.
मग पेन्सिल मागितली, बोटानेच.
वर्ग घामाने निथळत होता, अठ्ठावीस पोरं,
आणि त्याने कागदावर कूलर काढला,
ताट्यांची एकेक काडी मोजून,
बटणाच्या जागी छोटा गोल, आतून काळा केलेला.
अकरा मिनिटं. घड्याळ पाहिलं होतं मी,
कारण नोंद लागते.

नोंद कुठे करू? नमुना सातमध्ये रकाना आहे
"उपलब्ध साधने", आणि खाली कंसात "संख्या".
साधन: कूलर, बंद. संख्या: एक?
कार्यालयात बावनकर बाबू म्हणाले,
"असं नाही घेत सिस्टीम, बाई. व्हीलचेअर टाका."
व्हीलचेअर त्या शाळेत आहे. पोती ठेवायला.

तर सभागृहात मी नवव्या पानावरून मागे आले.
खुर्ची सरकवली. पहिल्या कूलरपाशी गेले, दुसऱ्या,
तिसऱ्याचं बटण जरा सैल होतं, दोनदा दाबावं लागलं.
"अहो मॅडम, मरून जाऊ ना!" कोणीतरी म्हणालं, हसू पिकलं,
मग हसूही थांबलं.

केवढी शांतता असते, कूलर बंद झाल्यावर.
ताट्यांतून थेंब. कोणाच्या पेनाचं टोपण.
दूर आरबीआय चौकातला हॉर्न.
ढोमणे सरांनी कॉलरचं बटण काढलं आणि पुढे झुकले.
"आता येते," ते म्हणाले. "वाचा, मॅडम."
घाम कानामागून उतरत होता.
मी पान एक काढलं,
आणि एकवीसपासून उलटं सुरू केलं.