वायर निघाली म्हण

उन्हाळ्यात गंगेवर व्याख्यानं असतात,
तेव्हा माईक माझा असतो.
बोलणारा कुणीही असो,
भाडं तेच. चौदाशे, वायरी वेगळ्या.

त्या दिवशी आहेरबाई होत्या,
निवृत्त, रसायनशास्त्र.
म्हणाल्या, कुंडाकाठी तांब्याची म्हणून विकतात ती भांडी
निम्मी तांब्याची नाहीत.
आणि आळीचं नाव घेतलं.
तांबट आळी. आमची.

बाप माझा चाळीस वर्षं ठोके घालून बहिरा झालेला.
पहिल्या रांगेत बसला होता,
बाईंच्या ओठांकडे बघत.

मागून चौघं आले.
एकानं खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं:
हिरामण, तुझ्याच बापाची अब्रू जातेय.
आवाज बारीक कर.
वायर निघाली म्हण.

खरं सांगतो, बोट बटणावर होतं.
वायर निघते. कुणी विचारत नाही.
तीन वर्षांपूर्वी निघालीच होती,
एक पोरगा धरणाचं पाणी कुणाकुणाला मिळतं
ते कागदावरून वाचत होता तेव्हा.
पाचशे रुपये.
तो आधी ओरडला, मग नुसते हात हलवत राहिला
आणि लोक उसाच्या रसाला उठले.
त्याचं नाव मला आठवत नाही.
हात आठवतात.

मी आवाज बारीक केला नाही.
मोठाही केला नाही, तेवढी छाती नाही आपली.
हात मांडीखाली दाबून बसलो.

बाईंचं संपलं. टाळ्या पाच-सहा.
मग एक कर्णा गंगेत गेला,
गणपतीच्या दोन ऑर्डरी गेल्या,
चुलतभाऊ अजून बोलत नाही.

बाईंना मी पायऱ्यांवर गाठलं.
भांडलो, बिनमाईकचा.
निम्मी कशी म्हणता? किती तपासलीत?
सतरा, म्हणाल्या. कागद पिशवीत आहे.
म्हटलं, दाखवा.
दाखवला.
मला तो अजून पटलेला नाही.

घरी येताना बाप दुतोंड्या मारुतीपाशी थांबला.
पूर आम्ही याच्यावरून मोजतो,
गुडघा, कंबर, छाती.
आता मे महिना. पायाशी नुसतं शेवाळ आणि निर्माल्य.

बाईचं सगळं कळलं, बाप म्हणाला.
बोलली ते खोटं असेल, खरं असेल,
तोंड उघडं होतं तिचं.
त्या चौघांचं काही कळलं नाही.
तुझ्या कानाशी बोलताना
तोंडावर हात धरला होता त्यांनी.