उजेडासमोर धरून

एकतीस वर्षं प्रेसच्या गेटवर
दोन्ही हात वर करून घरी आलो.
डबा उघडून दाखव, चपला झटकून दाखव.
जेल रोडच्या दोन खोल्यांत
बायकोनं कधी विचारलं नाही, आज काय केलंत.
सांगण्यासारखं नव्हतंच:
कागदावर कागद, कागदावर कागद,
चूक असलेला बाजूला.

म्हणून तुफैल जेव्हा म्हणाला,
"गायधनी काका, हा ब्राउझर घ्या,
ह्याचा कोड उघडा आहे, कुणीही वाचू शकतं,"
तेव्हा मला हसू आलं.
आमच्याकडे शाईच्या डब्यावरसुद्धा पहारा असायचा.

बिटकोमागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून त्याचं दुकान.
कीबोर्डमध्ये कायम थोडी बाजरी.
जुन्या लॅपटॉपवर त्यानं दोन्ही ठेवून दिले.

एक कंपनीचा. गुळगुळीत, लगबगीचा.
पासवर्ड लक्षात ठेवू का?
काल गुडघ्याचा पट्टा पाहिलात,
आज आणखी तीन दाखवू का?
गेटवरचा शिपाईही माझे खिसे तपासायचा,
पण समोर उभा राहून.

दुसरा जरा अघळपघळ.
एका रविवारी त्याचा कोड खरंच वाचायला बसलो.
कंसात कंस, कंसात कंस,
एक ओळ कळली नाही.
तुफैलला म्हटलं, उघडं असून मला काय त्याचं?
तो पेचकस तोंडात धरून म्हणाला,
"नोट खरी का खोटी बघायला
लोक तुमच्या प्रेसमध्ये यायचे का?"

त्या रात्री पाकिटातली शंभराची
ट्यूबलाइटसमोर धरली.
बनवली आम्ही कुलपाआड,
पण पारखायचं काम
भाजीवालीच्या हातात देऊन ठेवलं होतं.
निवृत्त होऊन सहा वर्षांनी हे ध्यानात यावं!

(आणि कंपनीवाल्याचंही इंजिन म्हणे उघड्या कोडाचंच,
वरचं झाकण तेवढं त्यांचं.
कापूस गावाचा, शिक्का एकाचा.)

मग ती दिसली. मेन्यूत, तिसऱ्या ओळीत:
इतीहास.
दुसरी वेलांटी.
नोकरी सुटते, नजर सुटत नाही.
कंपनीवाल्याकडेही एक होतीच, "पुढिल".
कळवलं. मिनिटाच्या आत उत्तर:
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.
ते अजून पुढिलच आहे.
इकडे तुफैलनं एक पान उघडून दिलं,
मी दुसरी काढून पहिली दिली.
नवव्या दिवशी परभणीच्या कुणा ऋजुताबाईंनी लिहिलं,
बरोबर आहे, घेतलं.
आणि खाली: कुकीजला मराठीत काय म्हणावं, सुचतंय का?

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
पेन्शनची साइट दुसऱ्यात उघडेना,
पांढरं पान आणि मधोमध फिरणारं चक्र.
तुफैल ओशाळला. म्हणाला,
"साइटवाल्यांनी फक्त त्याच्याचसाठी बनवलीय, काका."
कंपनीच्या ब्राउझरात चटकन उघडली.
अंगठा टेकवला.
मी जिवंत आहे, असं आलं.
जिवंत राहायचं तर अजून त्याच गेटातून;
खुर्चीतल्या खुर्चीत
हात उगीचच थोडे वर गेले.

बाहेर येऊन दाखला सवयीनं उन्हात धरला.
आरपार काही नाही, साधा कागद.

संध्याकाळी कुकीजपाशी अडून बसलो होतो.
चुरा, खुणा, ठसे, एकही बसेना.
बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली,
एवढं काय ते?
मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.
तिनं चश्मा पुसला, वाचत राहिली,
चहावर साय धरली.
मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली,
"कुकीजचं मला नाही कळत.
पण हे 'जतन करा' कशाला?
साधं 'ठेवा' म्हणा की."

लिहून ठेवलंय.
उद्या पाठवीन, तिच्या नावानं.