अर्धा गुण

त्र्याहत्तर पेपर. बारावी कला, तुकडी ब, पूर्वपरीक्षा.
सुतळीची गाठ सोडते तेव्हा
सातपूरच्या कंपन्यांतली दुसरी पाळी सुटलेली असते
आणि आमच्या गल्लीतून मोटारसायकली
कानटोप्या घालून घरी परततात.
जानेवारीची थंडी फरशीतून वर येते.
पायात मोजे, मोज्यांवर मोजे,
मांडीवर गोधडी, गोधडीवर गठ्ठा,
गठ्ठ्याखाली माझी वही.

वही खाली. नेहमीच खाली.
जून ते एप्रिल तिची जागा ठरलेली,
आणि मे महिन्यात
लग्नं असतात.

प्रश्न पाचवा, अ : बंद पडलेल्या घड्याळाचे मनोगत.
त्र्याहत्तर घड्याळं एका सुरात बोलू लागतात,
सगळी एकाच गाईडमधून विकत आणलेली.
होय, मीच ते अभागी घड्याळ!
मी लाल पेनानं टिक करत जाते,
टिक, टिक, टिक,
एवढ्या बंद घड्याळांत तेवढाच काय तो आवाज.
विसाव्या पेपरनंतर माझंच मराठी बिघडतं.
'दीर्घ'मधला दी पहिला की दुसरा,
पेन हवेत धरून बसते.

एक ओळ आठवडाभर मागे लागली आहे.
कुकर लावताना येते,
कॉलेजला जाताना शेजारच्या सीटवर बसते
आणि पपया नर्सरीच्या सिग्नलला
काही न सांगता उतरून जाते.
स्टाफरूममध्ये शिरोडे सर विचारतात,
काय मॅडम, सध्या नवीन काही?
मी म्हणते, शेरे लिहितेय.
ते हसतात. ते अर्थशास्त्राचे.
त्यांचा गठ्ठा तिसऱ्या दिवशीच ऑफिसात जमा होतो.

एक्केचाळिसावा पेपर. मंदाकिनी भोये.
पेठकडची, वसतिगृहात राहते,
वर्गात खिडकीशेजारी, हजेरीपुरता आवाज.
तिनं लिहिलंय :
मी बंद पडलो तरी आई मला रोज पुसायची.
त्यामुळे मी चालू आहे असंच मला वाटायचं.

बस. खाली कोरं पान.

दीडशे शब्द हवेत. मुद्दे हवेत. समारोप हवा.
तक्त्याप्रमाणे आठपैकी दोन.
मी साडेतीन देते. खोडून तीन करते.
पाणी पिऊन येते. पुन्हा साडेतीन.
आणि पेन उचलायच्या आत
समासात, शेऱ्याच्या जागी,
लाल शाईत उतरते ती आठवडाभराची ओळ :
उजेड दिसला की मी आधी पसारा लपवते.
वही गठ्ठ्याखाली होती.
हाताला हेच पान लागलं.

सोमवारी पेपर वाटले.
तास संपल्यावर ती टेबलाशी आली,
स्वेटरच्या बाहीत बोटं ओढून घेतलेली.
मॅडम, मी काय लपवलं?
मला कळेना.
तिनं समासावर बोट ठेवलं.
तुम्ही लिहिलंय इथं. पण मी काही लपवलं नाही.
मला तेवढंच येत होतं.

मागच्या बाकावर कुणीतरी डबा उघडत होतं.
तो शेरा नाही, असं मी म्हणाले.
मग काय आहे?
मी पंधरा वर्षं मराठी शिकवते.
मग काय आहे, याचं उत्तर
मला ऐन वेळी आलं नाही.

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली,
आणि मॅडम, बेरीज चुकलीय. अर्धा गुण राहिलाय.
तिचं बरोबर होतं.
मी बेरीज दुरुस्त केली, शेजारी सही केली,
पेपर गोळा केले, सुतळी बांधली,
आणि माझी ओळ नोंदीसकट
ऑफिसच्या लोखंडी कपाटात गेली.

रात्री वही वर काढली. ओळ पाठ होती.
लिहिली. तिच्याखाली पुढची म्हणून
हात जे लिहू लागला ते माझं नव्हतं :
मला तेवढंच येत होतं.

तिथंच थांबले.
दिवाणावर अकरावीचा गठ्ठा आहे, अठ्ठ्याऐंशी.
त्याला अजून सोडलेलं नाही.