तिकडची

घरची उभी असते पार्सिपनीत, गॅरेजमध्ये,
गवत कापायचं यंत्र आणि मुलीची जुनी सायकल यांच्या मध्ये.
शनिवारी किराणा, कधी नदीपर्यंत, परत.
तिला माझी सवय आहे. मला तिची.

दुसरी दोन हजार मैलांवर,
न्यू मेक्सिकोतल्या चामा गावी,
एलॉय त्रुहिओच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये, चादरीखाली.
शर्वरी तिला होंडा म्हणत नाही.
"तुझी तिकडची कशी आहे?"
चहा गाळताना विचारते, माझ्याकडे न बघता.
मग हसते. मीही हसतो,
जरा उशिरा.

हिशेब सोपा होता:
इथून निघालो तर जाण्यात चार दिवस, येण्यात चार,
रजा दहा.
म्हणजे डोंगरांच्या वाट्याला दोन दिवस आणि दुखरी कंबर.
त्यापेक्षा गाडीनंच तिकडे राहावं,
मी येऊन-जाऊन असावं.
एलॉय महिन्याला तीस डॉलर घेतो. चादर त्याची.

सप्टेंबरात मी तिला निजवतो.
टाकी गळ्यापर्यंत, पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून त्यात औषध,
बॅटरीला चार्जर, सलाइन लावल्यासारखा.
सायलेन्सरच्या तोंडात मोजा;
एका वर्षी उंदरीण एअर फिल्टरमध्ये बाळंत झाली होती
माझ्याच हातमोज्याचं अस्तर अंथरून.
शेवटी मैलांचा आकडा भिंतीवर, खडूने.
३१,४१२.

यंदा जूनमध्ये विमान, मग आगगाडी, मग ती निळी बस,
मांडीवर हेल्मेट.
शेजारच्या बाईने हळहळत विचारलं,
"गाडी चोरीला गेली का रे?"

चादर काढली.
गाडी स्वच्छ होती. जरा जास्तच.
भिंतीवर ३१,४१२.
गाडीवर ३१,४७४.

एलॉय ठिणग्यांच्या आड वाकलेला.
बासष्ट मैल म्हणजे काय, मला पाठ आहे:
टिएरा अमारियापर्यंत सपाट, मग घाट,
बर्फ सरल्यावर मे महिन्यात उघडतो तो,
वर ब्राझोसचे कडे दिसतात तिथे थांबायची जागा,
आणि तिथून परत.
आरसेही फिरवलेले,
कुणा ठेंगण्याच्या डोळ्यांसाठी.
एलॉय सहा फूट दोन.

राग आला. का नाही येणार?
पण त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी आलं, दारात उभं राहिलं,
आत ये म्हणावं की नाही कळेना.
मला वाटायचं, मी येईपर्यंत ती थांबलेली असते.
तीच नव्हे, घाटसुद्धा.

रात्री जेवायला बोलावलं.
इसाउरा, एलॉयची बायको, अडुसष्टची,
जेमतेम माझ्या खांद्याएवढी,
गावात कुणी गेलं की चर्चमध्ये गाते.
हिरव्या मिरचीचा रस्सा वाढता वाढता म्हणाली,
"तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुरते. चढावर.
साखळी बघून घे."
एलॉयने ताटातून डोकं वर काढलं नाही.
मी म्हटलं, "बघतो."
"आणि कड्यापाशी वारा असतो.
गळ्यापर्यंत चेन लाव."

साखळी खरंच सैल होती.
सकाळी निघालो. आरसे तसेच राहू दिले.
टिएरा अमारियापर्यंत मागचं काही दिसेना,
नुसते माझे दोन कोपर
आणि पळणारं डांबर.
तिथे पेट्रोल भरताना एक आरसा वर केला.
एकच.

दहा दिवसांनी परत येऊन तिला निजवली.
भिंतीवरचा आकडा तळव्याने पुसला,
नवा लिहायला खडू काढला,
आणि एलॉयने कॉफीला हाक मारली.

तो खडू पार्सिपनीला निघाला, धुण्यात,
सगळे काळे कपडे पिठात घोळल्यासारखे.
शर्वरीने पँट माझ्यासमोर धरली.
"हे काय?"
तिकडचं, म्हटलं.