कोरा प्लग

व्हर्लिनने कार्बोरेटर उघडला, जेटची भोकं मोठी केली,
आधी अंदाजानं, मग मोजून.
"मक्याचं इंधन. खातं जास्त."
रबरी नळ्या बदलल्या. टाकी मात्र जुनीच.

पहिल्याच सरावात इथेनॉलनं
टाकीच्या तळाचा सगळा चिकटा सोडवला,
फिल्टर तुंबला,
चौथ्या वळणावर गाडी खोकली आणि बसली.
आयोवाची काळी माती तिच्या नाकपुडीपर्यंत.

जॅनेल हसली नाही. पाना पुढं केला.

दिवेलागणीला त्यानं प्लग काढून उजेडात धरला.
बेचाळीस वर्षं तो हेच वाचत आलेला:
तांबूस असला तर ठीक,
काजळी म्हणजे पेट्रोल फार,
फटफटीत म्हणजे इंजिन जळायला आलं.
आज नुसताच पांढरा.
"जळतंय म्हणावं, तर हात लावला तर गार.
काही लिहिलंच नाही गं यानं."

"आता आकडे बघायचे, बाबा,"
तिनं मीटरची वायर धुराड्याला जोडली.

तो धुराड्यापाशी वाकला.
डोळ्यांना झोंबणारं काही नाही,
गोडसर, थोडं आंबूस,
कुंपणापलीकडच्या कणग्यांसारखं.
बराच वेळ तसाच वाकून राहिला.

मग प्लग फडक्यानं पुसला,
पुसण्यासारखं काही नव्हतं तरी,
आणि शर्टाच्या खिशात टाकला.